कुत्रं आडवं आलं

हाडांच्या दवाखान्यात तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला चिकटून प्लास्टरची खोली होती. खोलीत एक उंच टेबल, एक बादली, कापसाच्या गुंडाळ्यांनी भरलेलं कपाट आणि मावशी. मावशी तिथे इतकी वर्षं होत्या, की दवाखान्याला नवा रंग द्यायला आलेल्या माणसांनी टेबल बाहेर काढलं, कपाट बाहेर काढलं आणि मग मावशींना विचारलं, "तुम्हाला कुठे ठेवायचं?"

मोडलेलं हाड जागेवर बसवायचं काम डॉक्टरांचं. त्यावर कापूस गुंडाळायचा, पट्टी कोमट पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की हलकी पिळायची आणि तळवा फिरवत फिरवत प्लास्टर चढवायचं, हे काम मावशींचं. हाताला असं वळण बसलं होतं, की घरी उशीला अभ्रा घातला तरी कडा जुळवून त्यावरून एकदा तळवा फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

तिथे जिन्यावरून पडलेले यायचे, झाडावरून पडलेले यायचे, न्हाणीत घसरलेल्या सासवा यायच्या. पण निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मोटरसायकलचं. असा माणूस टेबलावर आडवा झाला, की मावशी बादलीत पाणी ओतता ओतता विचारायच्या, "कसं झालं?"

आणि माणूस म्हणायचा, "कुत्रं आडवं आलं."

म्हातारा असो, तरणा असो, शिकलेला असो, नसो, उत्तर एकच. गावात कुत्री पुष्कळ होती, पण इतकी वर्षं ऐकून ऐकून मावशींची खात्री झाली होती, की हे सगळं एकाच कुत्र्याचं काम आहे. ते सकाळी पुलावर आडवं येतं, दुपारी बाजारात, संध्याकाळी कारखाना सुटताना फाटकापाशी. जेवतं कधी कोण जाणे!

"रंग कोणता?" मावशी विचारायच्या.

"अं?"

"कुत्र्याचा."

"काळा. म्हणजे तसा मातकटच."

"कुठून कुठे चाललं होतं?"

"आता मी काय त्याला थांबवून विचारलं का, मावशी?"

मावशी तळवा फिरवत राहायच्या. त्यांना घाई नसायची. ओलं प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की आपसूक गरम होतं. ज्याला हे माहीत नसतं तो दचकतो. "मावशी, अहो, भाजतंय हे!"

"भाजणारच. खोटं बोललं की भाजतं."

की लगेच कुत्रं पळून जायचं आणि खरी हकिगत बाहेर यायची. फोन वाजला होता. तो खांदा आणि कान ह्यांच्यात दाबून धरला होता, मान तिरकी झाली होती. त्यामुळे सगळा रस्ताच तिरका दिसत होता आणि गडी इमानाने त्या तिरक्या रस्त्याने गेला होता, थेट गटारात. दुसऱ्याने निघताना स्टँड वर घेतलाच नव्हता. डाव्या वळणावर स्टँडने रस्त्यात पाय रोवला आणि हा एकटाच पुढे निघून गेला. एकाने मागचं बघायचे दोन्ही आरसे स्वतःच्या भांगाकडे वळवून घेतले होते. मागून ट्रक आला तो भांगात कसा दिसणार? एक जण हेल्मेट कोपरात अडकवून चालला होता. त्याच्या डोक्याला टाके पडले, खांदा निखळला, कोपराला मात्र ओरखडासुद्धा नाही.

"बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "ज्याला जे मोलाचं वाटतं, ते तो जपतो."

आणि एक जण तर शपथेवर सांगत होता, की कुत्री दोन होती, दोन्ही हुबेहूब सारखी. मावशींनी जरा वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि पुढचं काही विचारलं नाही.

पण सगळ्यांत मोठा भरणा होता तो 'मला वाटलं'वाल्यांचा. मला वाटलं तो थांबेल. मला वाटलं मी आधी निघून जाईन. मला वाटलं वाळूवरसुद्धा ब्रेक लागेल. मला वाटलं त्याने मला पाहिलंय. मावशी म्हणायच्या, "कुत्रं परवडलं. निदान भुंकून सांगतं तरी. हे 'मला वाटलं' मुकाट्याने येतं."

प्लास्टर सुकलं की मावशींचं भाषण व्हायचं. ते दवाखान्यात सगळ्यांना पाठ होतं. हेल्मेट डोक्यात, पट्टा बांधून. चपला नाही, बूट. आरसा मागचं बघायला. आणि शेवटी एक बोट वर करून, "एवढं करूनही पडायची वेळ आलीच, तर हात टेकायचा नाही. मनगट जातं. अंग सैल सोडायचं आणि लोळायचं."

"पडताना एवढं आठवतं का, मावशी?"

"मग न पडताना आठव. तेवढ्यासाठीच सांगतेय."

ह्या कामाचा एक परिणाम असा झाला होता, की मावशींना चेहरे लक्षात राहत नसत, हाडं राहत. बाजारातून जाताना त्या मध्येच थांबायच्या, एखाद्या अनोळखी माणसाकडे टक लावून बघायच्या आणि खूश होऊन म्हणायच्या, "उजवं कॉलरबोन! छान जुळलंय." तो माणूस बिचारा शर्टाची बटणं चाचपत निघून जायचा. जावयाची पहिली ओळख झाली तेव्हाही मावशींनी आधी त्याच्या चालीकडे बघितलं होतं आणि आत येऊन लेकीला सांगितलं होतं, "लहानपणी घोटा मोडलाय. बाकी चांगला दिसतो."

हे झालं दवाखान्यातलं. संध्याकाळी ड्यूटी संपली, की ह्याच मावशी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या एका मोटरसायकलवर मागे बसायच्या, आणि ती मोटरसायकल चालवणाऱ्याला दिसत नव्हतं.

चालवणारा म्हणजे त्यांचा नवरा. दवाखान्यात त्यांना सगळे काका म्हणायचे. काकांनी अख्खी नोकरी बस चालवली. निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्यावर कोरलं होतं, 'एकही अपघात नाही.' घड्याळ वर्षभरात बंद पडलं, पण काकांनी ते उतरवू दिलं नाही. वेळ बघायला ते लावलेलंच नव्हतं.

निवृत्तीनंतर काकांनी मोटरसायकल घेतली आणि ती बससारखी चालवायला लागले. वळताना मागची चाकं फुटपाथला लागू नयेत म्हणून लांबून फेरा घ्यायचे. बसस्टॉप दिसला की हात आपोआप ब्रेककडे जायचा. दोनदा तर एक बाई पुढे येऊन बसायलासुद्धा निघाली होती. हे सगळं ठीक होतं. पण हळूहळू काकांची तक्रार सुरू झाली. रस्त्यावरचे दिवे हल्ली नीट लावत नाहीत. पाट्या पुसट रंगवतात. टीव्ही जुना झाला. पेपरवाला शाई वाचवतो. एकदा त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या विजेच्या खांबाला "काय, बरंय ना?" असं विचारलं आणि घरी येऊन म्हणाले, शेजारी हल्ली फार माजलाय, उत्तरसुद्धा देत नाही.

मावशींना मोतीबिंदूची शंका तेव्हाच आली. पण ती शंका तोंडातून काढायची सोय नव्हती. काकांच्या नोकरीत दर वर्षी डोळ्यांची तपासणी व्हायची. त्यात जो नापास होई, त्याचं स्टिअरिंग सुटायचं आणि त्याला डेपोत बस धुवायला लावायचे. काकांचा जिवलग मित्र असा नापास झाला होता. ज्या बसला तो हार घालायचा, तिलाच फडकं मारायला लागला आणि वर्षभरात खचला. तेव्हापासून डोळ्यांचा डॉक्टर म्हटलं, की काका उठून अंगणात जायचे.

मग तो बादलीचा दिवस आला.

दवाखान्यातून घरी येताना काकांनी एका दुकानापाशी गाडी थांबवली. मावशींना वाटलं काही घ्यायचं असेल. काका उतरेनात. इंजिन चालूच. समोर बघत शांत बसले होते. बराच वेळ झाला, तेव्हा मावशींनी मान काढून पुढे बघितलं. समोर सिग्नल नव्हता, चौक नव्हता, काही नव्हतं. दुकानदाराने दाराबाहेर विकायला एक लाल बादली टांगली होती. काका ती हिरवी व्हायची वाट बघत होते.

मावशी बोलणार काय? अहो, ती बादली आहे? घड्याळाचं काय झालं असतं? त्यांनी मागून काकांच्या पाठीवर दोनदा थोपटलं. टप् टप्.

आणि काकांनी गाडी सोडली. दोन घंटा म्हणजे चला. अख्खी नोकरी कंडक्टरची घंटा ऐकण्यात गेलेली, पाठीला तेवढं कळत होतं. घरी पोचल्यावर गाडी स्टँडवर लावता लावता ते नुसतं एवढंच म्हणाले, "कंडक्टर चांगली मिळाली."

त्या दोघांमध्ये ह्या विषयावर झालेलं तेवढंच बोलणं. दुसऱ्या दिवसापासून कारभार सुरू झाला. सकाळी येतानाही मावशी मागे; मग गाडी फाटकाशी ठेवून काका चालत घरी जायचे आणि संध्याकाळी चालतच परत यायचे. एकदा थोपटलं की थांब. दोनदा थोपटलं की चल. डावा खांदा डावीकडे, उजवा उजवीकडे. स्पीडब्रेकर आला की कमरेला चिमटा. काका बसच्या शिस्तीत सगळं पाळायचे. मावशी दिवसभर प्लास्टरच्या खोलीत लोकांना आरसा कसा बघावा ते शिकवायच्या आणि संध्याकाळी ज्याला आरसाच काय, रस्ताही दिसत नाही, अशा माणसाला पाठीवर थापट्या मारत भर गर्दीतून घरी आणायच्या. ह्यात काही विसंगत आहे असं त्यांना वाटायचं, नाही असं नाही. पण ते स्पीडब्रेकरच्या मधल्या मोकळ्या रस्त्यावर वाटायचं आणि तेवढ्यात पुढचा स्पीडब्रेकर यायचा. एका गोष्टीत मात्र त्यांनी तडजोड केली नव्हती. हेल्मेट दोघांच्या डोक्यात, पट्टे बांधून.

लेकीला संशय आला होता. ती बँकेत कामाला होती आणि संशय घेणं हेच तिचं काम होतं. एका रविवारी ती आली तेव्हा काकांनी तिच्या आधी तिच्या छत्रीला "ये, बस" म्हटलं.

"आई, बाबांचे डोळे कधी दाखवलेस?"

"दिवे नीट नाहीत ग घरात."

"दुपारचे बारा वाजलेत."

मावशी ओट्याकडे वळल्या. लेक अंगणात जाऊन गाडीभोवती एक फेरी मारून आली. "बाबा, ऐका. गाडीवर एक ओरखडा जरी दिसला ना, तर किल्ली माझ्याकडे. आणि मी तुम्हाला उचलून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईन."

"ओरखडा?" काका हसले. त्यांनी न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. बोट कॅलेंडरकडे गेलं, पण अर्थ सगळ्यांना कळला.

त्या रात्री मावशींना झोप लागली नाही. किल्ली गेली तर काकांचं काय राहील? आणि नाही गेली तर? एखाद्या रविवारी हे एकटेच गाडी काढून निघाले, तर त्यांच्या पाठीवर कोण थोपटणार? दोन्हीकडून कोंडी. शेवटी त्यांनी नेहमीचाच मार्ग काढला, की उद्यापासून जरा जास्त लक्ष द्यायचं. हेही एक प्रकारचं 'मला वाटलं'च होतं, पण स्वतःचं असलं की ते ओळखू येत नाही.

व्हायचं ते संध्याकाळी झालं, चांगल्या उजेडात. खरं तर जरा जास्तच उजेडात, कारण मावळता सूर्य बरोब्बर चौकाच्या तोंडावर आला होता. सिग्नल लाल होता. मावशींनी एक थाप दिली, काका थांबले. सगळं शिस्तीत. आणि तेवढ्यात पलीकडच्या फुटपाथवर मावशींना एक पाय दिसला.

डावी नडगी! तो घरं रंगवणारा पेंटर होता. ह्या पायाचं मावशींनी तीनदा प्लास्टर बदललं होतं. हाड जुळता जुळत नव्हतं, पाय आखूड राहणार असं सगळे म्हणत होते. आणि आता तो पेंटर खांद्यावर शिडी घेऊन, काठी नाही, लंगडणं नाही, ताठ चालत होता. मावशींना इतका आनंद झाला, की तो एकटीने झेपेना.

"अहो, अहो, बघा ना!" त्या म्हणाल्या, आणि काकांच्या पाठीवर थोपटलं. टप् टप्.

काकांनी गाडी सोडली.

उजव्या बाजूने एक गादीवाला हातगाडा ढकलत चौक ओलांडत होता. गाड्यावर माणसाच्या उंचीइतक्या गाद्या रचलेल्या, वर उशांचा ढीग. मोटरसायकल त्यात अशी शिरली, जशी काही घरीच निघाली होती. काका उडून वरच्या गादीवर पडले, एकदा उसळले आणि तिथेच उताणे राहिले. मावशींच्या नशिबी गादी नव्हती. नवरा गादीवर आणि बायको रस्त्यावर, अशी वाटणी झाली. पडता पडता मावशींच्या मनात भाषणाचं शेवटचं वाक्य स्वच्छ उमटलं, हात टेकायचा नाही. आणि त्यांनी हात टेकला.

मनगटातून आवाज आला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

"अहो काका," गादीवाला वर बघत म्हणाला, "पसंत पडली का? आधी विचारायचं तरी!"

पेंटर शिडी टाकून धावत आला. त्याने मावशींना बसतं केलं, मोटरसायकल उचलून कडेला लावली. गाडीला डावीकडे पुढपासून मागपर्यंत एक लांबलचक ओरखडा पडला होता. मावशींच्या हेल्मेटलाही तसाच एक पडला होता. पण तो हेल्मेटला होता, डोक्याला नाही.

"मावशी, तुम्हीच म्हणाला होता ना, हात टेकायचा नाही म्हणून?"

"तू आधी चालून दाखव," मावशी कळ दाबत म्हणाल्या. "धावताना पाय बाहेर पडतोय का बघते."

चौकाच्या कोपऱ्यात, पानाच्या टपरीखाली एक कुत्रं झोपलेलं होतं. गडबड ऐकून त्याने मान उचलली, सगळ्यांकडे एकवार बघितलं आणि पुन्हा पायात तोंड खुपसून झोपलं.

पेंटरने दोघांना रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. मावशींना त्यांच्याच टेबलावर आडवं केलं. ते टेबल एवढं कडक असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. छतावर एक ओलीचा डाग होता, तोही त्यांनी पहिल्यांदाच बघितला. बातमी दवाखानाभर गेली. एक्स-रेवाला आला, नर्स आली, ज्यांचं तिथे काही काम नव्हतं तेही आले. पेंटरच्या फोनवरून निरोप गेला होता, त्यामुळे लेक बँकेतून तशीच धावत आली आणि दारात येऊन उभी राहिली. आई जिवंत आहे हे बघून आधी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग लगेच ते आटलं आणि तिथे दुसरंच काही आलं.

हाडांच्या डॉक्टरांनी मनगट ओढून जागेवर बसवलं. तरुण होते, हाताचे चांगले. नर्सने पट्टी भिजवायला घेतली.

"पाणी कोमट आहे का?" मावशी टेबलावरून म्हणाल्या. "बुडबुडे थांबू दे. अगं थांबू दे! कापूस सुरकुतलाय अंगठ्यापाशी."

"मावशी, आज तुम्ही पेशंट," डॉक्टर म्हणाले. प्लास्टर चढायला लागलं तसे ते खोलीतल्या सगळ्यांकडे बघून हसले. ही संधी पुन्हा येणार नव्हती. घसा साफ करून त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

सगळे टेबलाकडे सरकले.

"कुत्रं आडवं आलं," कोपऱ्यातल्या स्टुलावरून काका म्हणाले.

एक्स-रेवाल्याला ठसका लागला. पेंटर शिडी आठवल्यासारखं करून भिंतीकडे बघायला लागला.

"रंग कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

इतकी वर्षं रोज रात्री जेवताना मावशींच्या तोंडून ह्याच गोष्टी ऐकलेल्या. काकांना पुढचा प्रश्नसुद्धा पाठ होता. "काळं. डावीकडून उजवीकडे चाललं होतं," ते एका दमात म्हणाले. मग उगाच भर घातली, "घाईत होतं."

लेकीने आईकडे बघितलं. डॉक्टरांनी बघितलं. सगळ्यांनी बघितलं. मावशी नुसत्या हो म्हणाल्या असत्या तरी पुरे होतं. ज्या बाईने आजवर कुणाचं कुत्रं मान्य केलं नव्हतं, तिने मान्य केलेलं कुत्रं कोण नाकारणार? किल्ली राहिली असती, घड्याळ राहिलं असतं. आणि पुढच्या रविवारी काका एकटे निघाले असते, कारण कंडक्टरचा हात प्लास्टरमध्ये.

प्लास्टर गरम व्हायला लागलं. मावशींनी हजारांना सांगितलं होतं, की ते गरम होतं. पण इतकं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"कुत्रं नव्हतं," मावशी म्हणाल्या. "कुत्रं झोपलेलं होतं. चूक माझी. बेल मी दिली."

"कसली बेल?" लेक म्हणाली.

"ह्या पेंटरची नडगी दिसली म्हणून मी ह्यांच्या पाठीवर थोपटलं. ह्यांना वाटलं, चल. ह्यांचा काही दोष नाही. ड्रायव्हर काय करणार? बेल मिळाली की गाडी सोडायची. लिहून घ्या, चूक कंडक्टरची."

कुणालाच नीट कळलं नाही. पण स्टूल सरकल्याचा आवाज आला. काका उभे राहिले होते.

"नाही," ते म्हणाले. आवाज जरा मोठा आला, बसमध्ये मागच्या सीटपर्यंत पोचेल असा. "असं नसतं. कंडक्टर बेल देतो, पण रस्ता बघायचा ड्रायव्हरने. गाडीचं काही झालं तर जबाबदार ड्रायव्हर. मी अख्ख्या नोकरीत एकदाही कंडक्टरवर ढकललं नाही. आता बायकोवर ढकलू?" ते थांबले. हेल्मेटचा पट्टा उगाच ओढत राहिले. "मला दिसत नाही. बरेच दिवस झाले. हिला माहीत होतं आणि हिला माहीत आहे हे मला माहीत होतं."

लेकीने फक्त हात पुढे केला.

काकांनी खिशातून किल्ली काढली. "घे, बाळ," ते हळूच म्हणाले आणि किल्ली डॉक्टरांच्या हातात ठेवली.

डॉक्टरांनी अगदी गंभीरपणे ती घेतली आणि काकांच्या पाठीमागून लेकीकडे दिली. कुणी हसलं नाही. म्हणजे काका खोलीबाहेर जाईपर्यंत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांना नापास केलं नाही. उलट म्हणाले, मोतीबिंदू छान पिकलाय, आधीच यायला हवं होतं. काकांना ह्याचं फार समाधान वाटलं. आपल्या हातून एखादी गोष्ट पूर्ण झाल्यासारखं. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. पट्टी निघाल्यावर घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा घड्याळ उतरवलं, बराच वेळ बघितलं आणि फडक्याने पुसायला घेतलं. पुसता पुसता म्हणाले, "बंद आहे हे. सांगायचं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही."

मग त्यांना बादली बघायची होती. दोघं चालत त्या दुकानापाशी गेले. बादली अजून तिथेच टांगलेली होती, कुणी घेतली नव्हती. काका तिच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. "हिच्यापुढे मी किती वेळ थांबलो होतो?"

"बराच."

"शिस्तीत थांबलो होतो ना पण?"

"हो. कडेला, पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे."

काकांनी मान डोलावली.

मावशींचं प्लास्टर निघालं आणि काकांना गाडी चालवायला डॉक्टरांची परवानगी मिळाली, तेव्हा लेकीने किल्ली परत दिली. ह्या वेळी ती बरोब्बर काकांच्या तळव्यावर पडली. ओरखडा काकांनी रंगवून घेतला नाही. असू दे म्हणाले.

पहिल्याच संध्याकाळी ते मावशींना घ्यायला दवाखान्यावर आले. दोघांनी हेल्मेटं घातली, पट्टे बांधले. चौकात सिग्नल लागला. काका आपणहून थांबले. दिवा हिरवा झाला आणि सवयीने मावशींचा हात उठला. टप् टप्.

काका हलले नाहीत. मागून हॉर्न सुरू झाले.

"अहो, दोनदा दिली ना?"

"कळली. अगं, पण एवढी वाहनं असतात इथे?"

"रोज असतात."

"हा बघ, हा कुठून घुसला! फोनवर बोलतोय! आणि तो उलटा येतोय. ह्याचं हेल्मेट बघ, हातात. अगं, आणि आपण रोज ह्याच्यातून जायचो?"

"जायचो की."

काकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि कपाळावरचा घाम पुसला. मग मान वळवून मागे बघितलं. "मला दिसत नव्हतं, ते ठीक आहे. तुला तर हे सगळं दिसत होतं. आणि तरी तू मागे बसायचीस?"

"अधूनमधून डोळे मिटून घ्यायचे मी," मावशी म्हणाल्या.

"कधी?"

"वळणावर."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. समोर बघून त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली, आरशात बघितलं, मग दुसऱ्या आरशात, मग मान वळवून खरोखरच्या रस्त्याकडे, आणि इतक्या हळू निघाले की एक पायी चालणारा माणूस त्यांच्या पुढे गेला.

गल्लीच्या तोंडाशी येतात न येतात तोच एक कुत्रं आडवं आलं. खरंखुरं, तपकिरी, डावीकडून उजवीकडे. काकांनी ब्रेक दाबला, गाडी अलगद थांबली. कुत्र्याला घाई नव्हती. ते त्यांच्या पुढच्या चाकासमोरून रमत गमत पलीकडे निघालं.

"दिसलं," काका मागे न बघता म्हणाले. "तपकिरी आहे."

मावशी रंग बघतच नव्हत्या. त्या खांद्यावरून पुढे वाकून त्याच्या चालीकडे टक लावून बघत होत्या.

"मागचा उजवा," त्या म्हणाल्या. "मोडून वाकडा जुळलाय. बिचाऱ्याला कधीतरी मोटरसायकल आडवी आली असणार."

कुत्रं पलीकडे पोचेपर्यंत त्यांनी हात वर धरून ठेवला होता. मग दोनदा थोपटलं.